कात्री बाजूला ठेवा ताई: लहानपणाची जुनी छापील चित्रं कशी जमवायची, कशी जपायची

तुमचा प्रश्न दोनदा वाचला ताई. कारंज्याकडं आजोबांचं घर पाडून राहिले, माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी कॅलेंडरं निघाली, गुटगुटीत बाळांची चित्रं, एक बाळकृष्ण फ्रेमसकट, चांदोबाचे काही अंक आणि एक घट्ट गुंडाळी जी अजून कोणी उघडली नाही. घरचे म्हणतात रद्दीत घाल. तुम्हाला मात्र अशी चित्रं जमवायची आहेत, आणि तुम्ही विचारलं की चांगली चांगली कापून लॅमिनेट करून भिंतीवर लावली तर चालेल का, जुनी-नवी कशी ओळखायची, आणि पुढं शोधायची कुठं.

आधी एकच सांगतो, बाकीचं मागून. कात्री बाजूला ठेवा. आणि लॅमिनेशनवाल्याकडं तर पाऊलही टाकू नका.

मी मोर्शी तालुक्यातला. फोटो मढवायचं दुकान आहे, ३१ वर्षं झाली, त्यातली पंचवीसेक वर्षं हीच चित्रं जमवून राहिलो, म्हणजे लहान पोरं, आई-लेकरू, बाळकृष्ण, शाळेतले तक्ते, असं सगळं. सुरुवातीला गिऱ्हाईक कॅलेंडर घेऊन यायचं, म्हणायचं, "तारखा काढून टाका भाऊ, फोटो तेवढा मढवून द्या." मी पट्टी ठेवून ब्लेडनं सरळ कापून द्यायचो. खालचा भाग, म्हणजे दुकानाचं नाव, गावाचं नाव, तारखांचा गठ्ठा, सगळं कचऱ्यात. शेकडो कापले असतील. त्याचं मला आजही फार वाईट वाटते, कारण चित्र तर हजारांनी छापलं जायचं, तेच चित्र तिकडं तामिळनाडूत शिवकाशीला छापून आर्वीच्या कापडवाल्याकडं पण यायचं आणि अकोल्याच्या बियाणेवाल्याकडं पण, पण खालची ती चार बोटांची पट्टी फक्त त्या एका दुकानाची आणि त्या एका वर्षाची असायची. चित्र आपल्या मुलखात कधी आलं आणि कोणाच्या हातून आलं हे सांगणारी जागा तीच.

आणि आपल्या विदर्भात ती पट्टी जेवढं सांगते तेवढं पुण्या-मुंबईकडं सांगत नाही. आपलं राज्यच किती वेळा बदललं पाहा ना. पत्त्यात "सी. पी." किंवा "बेरार" किंवा "मध्यप्रांत व वऱ्हाड" असं असेल तर ते साधारण १९५० च्या आधीचं. गाव आपल्याकडचं, अमरावती-यवतमाळ-वर्धा असं काही, आणि पुढं "मध्यप्रदेश" किंवा "म. प्र." असेल तर १९५० ते १९५६, तेव्हा नागपूर मध्यप्रदेशची राजधानी होती. "मुंबई राज्य" असेल तर १ नोव्हेंबर १९५६ पासून १९६० च्या एप्रिलपर्यंत. "महाराष्ट्र" असेल तर १ मे १९६० नंतरचं. दुकानदार छपाईचा जुना ब्लॉक, म्हणजे नाव-पत्त्याचा ठसा, झिजेपर्यंत तोच वापरायचे म्हणून एक-दोन वर्षांची सूट धरायची. किंमत आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं किंवा त्याच्या आसपासचं, "न. पै." म्हणजे नवे पैसे लिहिले असतील तर १९५७ ते १९६४ मधलं. आणि पत्त्यात पिनकोड दिसला की समजायचं, हे १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण पिनकोड सुरूच त्या दिवशी झाला. माझ्याकडं कुत्र्याच्या पिल्लाला दूध पाजणारा पोरगा आहे, वर्ष कुठंच नाही, विकणारा छातीठोक सांगत होता की इंग्रजाच्या काळातलं आहे, खाली बारीक अक्षरात "जि. अमरावती, म. प्र." होतं. झालं, पन्नाशीचं दशक. आता ही पट्टी कोणी कापली असती तर आपण त्याचं ऐकूनच घेतलं असतं.

पट्टीनंतर मागची बाजू. चित्र हातात आलं की मी आधी उलटं करून पाहतो.

तुम्हाला एक गोष्ट माहीत असेल नसेल, आपल्याकडं घरात गरोदर बाई असली की तिच्या खोलीत गुटगुटीत बाळाचं चित्र लावायचे, सकाळी डोळे उघडल्यावर पहिले तेच दिसलं पाहिजे म्हणून. बाळांची चित्रं एवढी का छापली गेली याचं एक मोठं कारण हेच. दुसरं कारण म्हणजे धंदा, साबण, ग्राइप वॉटर, बिस्किट, दुधाची पावडर, सगळ्यांना बाळ पाहिजे होतं. ही पद्धत विलायतेतून आली, तिकडं जॉन एव्हरेट मिले नावाच्या चित्रकारानं १८८६ साली साबणाचे बुडबुडे उडवणारा पोरगा काढला, स्वतःचा नातूच बसवला होता समोर, आणि ते चित्र पेअर्स साबणाची जाहिरात होऊन जगभर गेलं. आपल्याकडं त्या पोराच्या जागी बाळकृष्ण येऊन बसला. म्हणून बाळकृष्णाला नुसता देवाचा फोटो समजू नका, छापील चित्रात आपलं लहानपण आधी त्याच्याच रूपानं आलं, लोण्याचं मडकं, यशोदेचा पदर, वासरू, सगळं तिथं आहे.

तर मागची बाजू. दर्यापूरकडं एका खेड्यात एका आजीकडं असं चित्र होतं, गुलाबी गालाचं बाळ, हातात लाल चेंडू, काचेवर कुंकवाची बोटं उमटलेली. मी विकत मागितलं. आजी म्हणाली, "बाबू, हा फोटो माह्या सासूनं लावला होता, माहा पयला पोरगा पोटात होता तवा. रोज सकायी उठली का पयले याच्याकडं पायाचं, असं सांगे ते मले. मी हाये तवरी राहू दे." मी पुन्हा मागितलं नाही. फक्त फ्रेमची मागची बाजू मोडायला आली होती ती नीट करून देतो म्हटलं, तिथंच ओट्यावर बसलो, पुठ्ठा काढला तर चित्राच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं सहा ओळी. एकाखाली एक. तिथी, वार, "पहाटे", "दिवे लागणीला", "मुलगी", "मुलगा". चौथ्या ओळीपुढं काहीच नव्हतं, नुसती एक आडवी रेघ. ते अक्षर सासऱ्याचं, आजीला वाचता येत नव्हतं, आणि पाठीमागं असं काही लिहिलेलं आहे हे तिला तोवर माहीतच नव्हतं. मी वाचून दाखवलं. चौथ्या रेघेवर बोट ठेवून ती कितीतरी वेळ बसली. मी चित्र पुन्हा तसंच बंद करून दिलं, नवा पुठ्ठा लावून, जुन्या अक्षराला काही घासणार नाही असा मधे चांगला कागद ठेवून. तेव्हापासून मी कोणाच्याही घरी आधी पाठ पाहतो आणि मगच चित्राबद्दल बोलतो, आणि गिऱ्हाईकाला पाठीवर हार्डबोर्ड चिकटवून देत नाही, कितीही म्हटलं तरी.

म्हणून लॅमिनेशन नको म्हणतो. गरम रोलरखालून एकदा गेलं की ते प्लास्टिक कागदाच्या रेषारेषांत बसते, परत निघत नाही, मागचं अक्षर, कागदाचा पोत, सगळं कायमचं बंद. सेलोटेपचंही तेच, चार-पाच वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो आणि तो डाग मरेपर्यंत जात नाही. फाटलं असेल तर फाटलेलं राहू द्या, दोन्ही तुकडे एका पाकिटात ठेवा. जोडायचंच असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, ज्याला येते त्याच्याकडूनच, कारण ती खळ पाण्यानं पुन्हा सोडवता येते, फेविकॉल सोडवता येत नाही.

आता जुनी-नवी ओळखायचं. घड्याळवाले डोळ्याला लावतात तसं दहा पट दाखवणारं भिंग घ्या, स्वस्तात मिळते. बाळाचा गाल पाहा, गालच, कारण तिथं रंग हळूहळू बदलतो आणि छपाईची पद्धत तिथं लपत नाही. दगडावरून छापलेलं असेल, म्हणजे शिळाछाप, तर गालावर रव्यासारखे ओबडधोबड दाणे दिसतील, एकासारखा एक नाही, आणि रंग एकमेकांवर चढलेले, कुठं कुठं ओठाचा लाल ओठाबाहेर सांडलेला, कारण एकेका रंगाला एकेक वेगळा दगड असायचा आणि कागद तेवढ्या वेळा मशीनखालून जायचा. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तो याच पद्धतीचा, मशीन जर्मनीचं, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ऑफसेटवर छापलेलं असेल तर गालावर अगदी शिस्तीतले ठिपके, चार रंगांचे, गोल गोल फुलं केल्यासारखे. आणि आजकाल प्रिंटरवर काढून जुनं म्हणून विकतात ना, त्यात शिस्त पण नाही आणि दाणा पण नाही, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवर गुलाल उडालेला राहते तसं बारीक उडालेलं दिसते. ते दिसलं की चित्र परत द्यायचं, भाव पण विचारायचा नाही.

दुसरी खूण, नोटा तपासायची निळी बत्ती असते ना दुकानात, ती अंधारात कागदावर मारा. कागद पांढराशुभ्र चमकला तर त्यात उजळपणाचं केमिकल आहे, ते कागदात साधारण १९५० च्या आसपास यायला लागलं, म्हणजे "१९२० चं आहे" म्हणणारा खोटं बोलून राहिला. चमकला नाही म्हणजे जुनंच असं मात्र समजू नका, काही कागदांत ते आजही नसते. तिसरी खूण फ्रेममधून काढल्यावर दिसते, पट्टीखाली दबलेली कड बाकी चित्रापेक्षा वेगळ्या रंगाची असते, कारण तिथं उजेड पोचलाच नाही. चहात बुडवून जुनं केलेल्या चित्राला ही कड नसते, सगळीकडं सारखं पिवळं. आणि चित्र निळं-निळं पडलं असेल तर घाबरू नका, उन्हानं पिवळा आणि लाल आधी उडतो, निळा मागं राहतो, कितीतरी गोऱ्या बाळांचे बाळकृष्ण झालेले मी पाहिले. खाली "प्रिंटेड इन जर्मनी" दिसलं तरी चित्र विलायती समजू नका, ब्रिजवासींसारखे चित्रं विकणारे आपलेच लोक राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांकडून कृष्णलीला काढून घ्यायचे आणि छापून आणायचे जर्मनीहून.

तुमचा फ्रेममधला बाळकृष्ण. आधी निवांत दुपार पाहा, पंखा बंद, कूलर बंद. टेबलावर धोतराचं जुनं मऊ फडकं घाला, फ्रेम पालथी ठेवा, मागचा खाकी कागद कडेनं सोडवा, त्यावर कुठल्या दुकानात मढवलं त्याची चिठ्ठी असेल तर ती जपून ठेवा, मग बारीक खिळे पक्कडीनं सरळ वर ओढा, तिरके नाही. पुठ्ठा उचलला की थांबा. चित्र काचेला चिकटलेलं असेल तर ओढू नका, काचेसकट तसंच ठेवा, ओढलं की गालाचा रंग काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो, माझ्या हातून हे एकदा झालं आहे, ते चित्र अजून ठेवलं आहे. सुटं असेल तर नव्या दाढीच्या ब्रशनं धूळ झाडा, बस. ओलं फडकं नाही, खोडरबर नाही, पावडर नाही. अंगावर टिकल्या, जरीचं कापड चिकटवलेलं असेल तर ते घरच्या बायकांनी हातानं केलेलं असते, एकही टिकली काढू नका. परत मढवताना काच चित्राला टेकली नाही पाहिजे, मधे माउंट, म्हणजे चित्राभोवती जाड कागदाची चौकट, टाकायला सांगा, आणि माउंट-पुठ्ठा ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, मागा, नागपूरला मिळतो. साधा पिवळा पुठ्ठा आणि प्लायवूड, दोन्ही कागदाला करपवतात.

ती गुंडाळी. तिला आत्ता हात लावू नका. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, कागद पापडासारखा होते, उघडायला गेलं की तुकडे. जुलैत दोन-चार पाऊस चांगले झाले की ती खोलीत नुसती मोकळी ठेवा, तीन-चार दिवस, हवेतला ओलावा घेऊन कागद आपोआप नरम पडते, मग थोडी थोडी उघडायची, कडांना स्वच्छ कापडात बांधलेली वजनं ठेवत जायचं. एका दिवसात होईल असं नाही. सपाट झाली की पुन्हा गुंडाळायची नाही, कधीच नाही, आडवी ठेवायची. आणि पावसाळ्यात प्लास्टिकमधे बंद करून ठेवू नका, बुरशी येते.

आणखी एक आपल्याकडचंच, कूलर. लोकं चांगला मढवलेला फोटो बरोबर कूलरच्या समोरच्या भिंतीवर लावतात, तीन महिने ओली हवा त्यावर, आणि जूनमधे घेऊन येतात की चित्राला लाटा कायले आल्या. पश्चिमेच्या भिंतीवर नको, टिनाच्या पत्र्याखालच्या माळ्यावर तर अजिबात नको, फ्रेमच्या मागं चार कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंतीची ओल टेकणार नाही. कसर लागली असेल, म्हणजे कागद वरवर खरवडल्यासारखा दिसत असेल, तर तो अंक किंवा कॅलेंडर जाड पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमधे दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर पाणी सुटते. काचेसकटचं किंवा वार्निश केलेलं चित्र मात्र फ्रीझरमधे नाही टाकायचं.

शोधायचं कुठं ते. देवादिकांच्या जुन्या छापांच्या मागं आता पैसेवाले लोक लागले आहेत, तिथं आपलं काम नाही. आपण रद्दी पाहायची. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत रद्दीवाल्याकडं आठवड्यातून एकदा जायचं, घरं साफ होतात तेव्हाच हे बाहेर निघते, नाहीतर घरकुल मंजूर होऊन जुनं घर पडते तेव्हा. कापसाच्या जुन्या जिनचं ऑफिस, न्हाव्याचं दुकान, शिंप्याचं दुकान, तिथल्या एका खिळ्यावर वीस-वीस वर्षांची कॅलेंडरं एकावर एक राहतात, वरचं उचलून पाहा. दिवाळी अंक सोडू नका, चित्रकार दीनानाथ दलालांचा 'दीपावली' १९४५ पासूनचा, रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं, ती स्प्रेनं रंगवलेली मऊ त्वचा दुसऱ्या कोणाला जमली नाही. तुमच्याकडचा चांदोबा, मराठीत तो १९५२ ला आला, त्यातली आतली चित्रं पान फाडून मढवू नका, अंक अख्खा ठेवा. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे सुरुवातीचे अंक, बालभारतीची जुनी पुस्तकं, 'आदर्श बालक' सारखे शाळेचे तक्ते, हे अजून वजनावर मिळते आणि आपल्या पिढीचं खरं लहानपण त्यातच आहे. शाळेतून किंवा वाचनालयातून घ्यायचं असेल तर निर्लेखन झालेलं आहे, म्हणजे जुनं म्हणून नोंदवहीतून काढलं आहे, असं लेखी घेऊनच घ्या.

एक गोष्ट मात्र मला कायम लागून राहते. एवढ्या वर्षांत हजारभर चित्रं हातावरून गेली, पण आपलं लहानपण त्यात फार कमी दिसलं. चित्रं मुंबईची, शिवकाशीची, जर्मनीची, त्यामुळं पोरं पतंग उडवतात, बाहुली खेळतात, समुद्रकिनारी वाळूचे किल्ले करतात, पण तान्हा पोळा नाही, भुलाबाई नाही, कंचे म्हणजे गोट्या नाहीत, रेंगीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून जत्रेला जाणारं पोरगं नाही. मला एकच मिळालं, कृषी केंद्राचं कॅलेंडर, वरूडच्या बाजारात, त्यात एक पोरगा लाकडी बैल ओढून राहिला, बैलाला चाकं, गळ्यात खरीखुरी वाटेल अशी मण्यांची माळ, शिंगाला बेगड, आणि पोराच्या एका पायात चप्पल आहे, दुसरी मागं पडली तिकडं त्याचं लक्षच नाही. चित्रकाराचं नाव नाही. ज्यानं काढलं त्यानं तान्हा पोळा डोळ्यानं पाहिलेला होता, नाहीतर ती चप्पल सुचत नाही. तुमच्या ट्रंकेत असं एखादं जरी निघालं तरी ते आधी वेगळं काढा, कितीही मळकं असो.

विकत घेताना समोरच्याला खरं सांगायचं की हे कशाचं आहे आणि काय भावाचं आहे. म्हातारं माणूस असेल तर मी त्या चित्राची चांगली कॉपी काढून मढवून त्याच जागी लावून देतो, भिंत रिकामी दिसू नये म्हणून. पण कॉपी घरापुरतीच. जुनं चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापून विकायचा हक्क मिळत नाही, चित्रकार गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांचा किंवा ज्याला दिला त्याचा राहते. दलाल १९७१ ला गेले म्हणजे २०३१ संपेपर्यंत, मुळगावकर १९७६ ला म्हणजे २०३६ संपेपर्यंत. चित्रकार म. वि. धुरंधर १९४४ ला गेले, त्यांची चित्रं मोकळी झाली आहेत.

या आठवड्यात तुम्ही फक्त एवढं करा. ट्रंक घरातल्या थंड खोलीत आणा, जमिनीवर नाही, पाटावर किंवा विटांवर ठेवा. प्रत्येक चित्राचे दोन फोटो काढा, पुढचा आणि पाठीचा, कॅलेंडर असेल तर खालच्या पट्टीचा वेगळा. मग ते फोटो घेऊन घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा, आत्या असेल, मोठी काकू असेल, आणि विचारा हे कोणत्या खोलीत होतं, कोणी लावलं, तेव्हा घरात कोण होतं. त्या जे सांगतील ते जसंच्या तसं, त्यांच्याच बोलीत, वहीत लिहून घ्या आणि चित्राचा नंबर टाका. चित्राच्या पाठीवर स्वतः काही लिहू नका. गुंडाळीचं आपण जुलैत पाहू.